व्यापारातले घरचे नियम

व्यापाराचा डाव शेवटपर्यंत खेळलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. शेवटपर्यंत म्हणजे पटावर एकच भिडू उरलाय, बाकीच्यांचं दिवाळं निघालंय आणि सगळी शहरं, सगळ्या नोटा त्या एकाच्या मांडीखाली गेल्यात, असा शेवट. लोकांना आठवतं ते असं: डाव मांडला, मुंबई कुणी घेतली यावरून भांडण झालं, मग जेवायची हाक आली. किंवा लाईट गेले. किंवा कुणीतरी पट उधळून गच्चीवर निघून गेलं. जिंकलं कोण ते कुणीच सांगू शकत नाही. मेंढीकोटात कुणी कुणावर कोट चढवला, हे आमच्या घरात अजून लग्नकार्यात ऐकवलं जातं, पण व्यापाराचा विजेता नावाची गोष्टच नाही.

लहानपणी याचं खापर मी खेळणाऱ्यांवर फोडत असे. आता वाटतं, दोष असलाच तर तो नियमांत होता, आणि ते नियम डब्यातले नव्हते, घरचे होते.

मे महिन्यात सगळी मामे-आते भावंडं गिरगावातल्या चाळीत आजीकडे जमत. डब्याचा पट मधल्या घडीवर फाटलेला आणि चिकटपट्टीने सांधलेला. ‘स्टार्ट’नंतरचं पहिलंच घर मुंबईचं, शिवाय सगळ्यांत महाग. कोपऱ्यांत जेल, क्लब, रेस्ट हाऊस. एक सोंगटी हरवलेली, तिच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण. नियमांचा कागद डब्याच्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेला असे, पण त्यावर कुणीतरी रमीचे गुण मांडून ठेवले होते, त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता. नियम तोंडी चालत आले होते. मोठ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, ते माहीत होते, आणि बँकही त्याच्याकडेच असे. या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असू नयेत हे राज्यशास्त्राचं तत्त्व आम्हाला फार उशिरा कळलं.

तर घरचे नियम. सगळ्यांत धाकटी बहीण कच्चा लिंबू. तिला फासा टाकता येई, शहरं घेता येत, पण तिच्याकडून कुणी भाडं घ्यायचं नाही. (तिने मात्र घ्यायचं, आणि ती मोजून घेई.) पैसे संपले तर उधारी चाले, भिडूंकडून आणि बँकेकडूनही. दंड आणि कर बँकेत न जाता पटाच्या मधोमध साचत, आणि जो नेमका ‘स्टार्ट’वर उतरेल त्याला ती रास मिळे. डब्यातली लाल घरं संपली की चिंचोके. आणि आजी मधूनच येऊन पलंगावर बसली की तिच्या देखत कुणाला अगदी कफल्लक करता येत नसे. “अरे, त्याच्याकडे काहीच नाही उरलं, जाऊ दे ना यावेळी,” असं ती म्हणायची आणि दोन हजारांचं भाडं माफ व्हायचं. ज्याचं भाडं बुडे तो “रडीचा डाव!” म्हणून ओरडे, पण आजीपुढे कुणाचं चालायचं नाही.

पुढे कधीतरी ज्या खेळावरून आपला व्यापार निघाला त्या मोनोपॉलीचे छापील नियम वाचले, तेव्हा गंमत वाटली. आमचा जवळजवळ प्रत्येक घरचा नियम त्यात स्पष्टपणे नाकारलेला आहे. भिडूंनी एकमेकांना उधार द्यायचं नाही. पैसे हवे असतील तर जागा बँकेकडे गहाण टाका, निम्मी किंमत मिळेल, सोडवताना दहा टक्के व्याज भरा. ‘फ्री पार्किंग’च्या कोपऱ्यात काहीही मिळत नाही, तो नुसता थांबा आहे. आणि एखाद्याने जागा नको म्हटली तर ती तशीच पडून राहत नाही, बँक लगेच तिचा लिलाव करते. हा लिलाव मी आजवर एकाही घरात होताना पाहिलेला नाही.

घरांची गोष्ट तर खासच. पेटीत ३२ घरं आणि १२ हॉटेलं असतात ती कारखान्याने काटकसर केली म्हणून नव्हे. ती टंचाई मुद्दाम आहे. बँकेकडची घरं संपली की बांधकाम बंद, ज्याने आधी अडवून ठेवली त्याची चंगळ. मुरलेला खेळाडू म्हणूनच चार घरांवर थांबतो, हॉटेल बांधतच नाही, कारण हॉटेल घेतलं तर चार घरं बँकेत परत जातात आणि दुसऱ्याला मिळतात. ही नीचपणाची कला आहे. आम्ही मात्र तिच्यावर मूठभर चिंचोके फेकून मोकळे झालो होतो.

जेलचंही असंच एक गणित आहे. अमेरिकी पटावर सोंगटी सगळ्यांत जास्त वेळा जेलमध्ये सापडते, कारण तिथे पाठवणाऱ्या वाटाच अनेक. जेलपासून सहा, आठ आणि नऊ घरांवर नारिंगी रंगाच्या तीन जागा आहेत. दोन फाशांची छत्तीस दानं पडू शकतात, त्यांतली चौदा या तीन आकड्यांची. म्हणून जाणकार महागड्या निळ्या जागांमागे न लागता नारिंगी जागांवर घरं बांधून सुटून येणाऱ्या कैद्यांची वाट पाहत बसतात.

तर हा खेळ असा निर्दय आहे, आणि तो तसा हेतुपूर्वक केला होता. करणारी बाई मात्र निर्दय नव्हती.

एलिझाबेथ मॅगी, लिझी म्हणत तिला. जन्म १८६६चा, इलिनॉय राज्यातला. बाप वर्तमानपत्रवाला, गुलामगिरीच्या विरोधातला, लिंकनच्या प्रचारात त्याच्यासोबत फिरलेला. त्याने मुलीच्या हातात हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचा १८७९चा ग्रंथ दिला आणि मुलगी त्या विचाराची झाली ती कायमची. जॉर्जचं म्हणणं थोडक्यात असं: जमिनीची किंमत मालकाच्या घामाने वाढत नाही. शेजारी रस्ता होतो, स्टेशन येतं, बाजार भरतो, लोक येऊन राहतात, म्हणून ती वाढते. मग ती वाढ एकट्या मालकाने का खावी? जमिनीच्या भाड्याइतका कर समाजाने घ्यावा आणि माणसाच्या कष्टांवरचे, बांधकामावरचे, व्यापारावरचे कर काढून टाकावेत. हा माणूस १८८६ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला आणि हरला, पण मतांत, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टच्या पुढे राहिला. टॉलस्टॉयही त्याचा चाहता होता.

लिझी वॉशिंग्टनला लघुलेखिका म्हणून नोकरी करायची. टाइपरायटरमध्ये कागद सहज सरकावा म्हणून तिने एक सुधारणा केली होती, तिचं पेटंटही घेतलं होतं. लग्न न करता स्वतःच्या पैशावर घर चालवत होती. आणि संध्याकाळी बसून ती पट आखत होती. ५ जानेवारी १९०४ला तिला त्याचं पेटंट मिळालं. खेळाचं नाव जमीनदाराचा खेळ. चौकोनी पट, कडेने फिरायची वाट, मध्ये रेल्वे, कोपऱ्यात जेल, एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि कंगालांसाठीचं आश्रयगृह. सुरुवातीच्या कोपऱ्यावर लिहिलेलं होतं की धरतीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी मिळते, आणि तो कोपरा ओलांडला की शंभर डॉलर. आजही ‘स्टार्ट’ ओलांडला की पैसे मिळतात. मोनोपॉलीच्या पटावर त्यांना नुसता ‘पगार’ म्हटलेलं असतं, तो कशाचा, हे मात्र लिहिलेलं नसतं.

या खेळाला तिने पुढे नियमांचे दोन संच दिले. एका संचाने खेळलं तर मालक भाडं खातो, फुगतो आणि बाकीचे भिकेला लागतात. दुसऱ्याने खेळलं तर जमिनीचं भाडं सार्वजनिक खजिन्यात जातं, त्यातून दिवाबत्ती आणि रेल्वे सगळ्यांच्या होतात, मजुरी वाढते, आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी होतं त्याचे पैसे दुप्पट झाले की डाव संपतो. तिची अपेक्षा साधी होती. मुलांनी दोन्ही खेळावेत आणि त्यांना फरक पोटातून कळावा.

पहिला संच जगभर गेला. दुसरा कुठे गेला ते शोधावं लागतं.

तो कसा हरवत गेला हे मला फार ओळखीचं वाटतं, कारण तिथेही घरचेच नियम आहेत. पहिली तीसेक वर्षं हा खेळ दुकानातून कमी आणि हातोहात जास्त पसरला. डेलावेअर राज्यात आर्डन नावाचं गाव आहे, १९०० साली हेन्री जॉर्जच्या अनुयायांनीच वसवलेलं. तिथली जमीन गावाच्या मालकीची. तिथे लोक हा खेळ खेळत. तिथून तो पेनसिल्वेनिया विद्यापीठात गेला, तिथला एक तरुण प्राध्यापक वर्गात शिकवायला वापरू लागला. विद्यार्थ्यांनी मेणकापडावर नकला काढल्या आणि प्रत्येकाने आपल्या गावचे रस्ते त्यावर लिहिले. समुद्रकाठच्या अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या शहराचे रस्ते घातले. क्वेकर शांत माणसं; लिलावाचा गलका त्यांना नकोसा झाला, म्हणून त्यांनी जागांना ठरावीक किमती लावल्या. म्हणजे पाहा, आमची आजी एकटी नव्हती.

पुढे फिलाडेल्फियात चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार झालेल्या माणसाला एका मित्राच्या घरी हा अटलांटिक सिटीचा पट शिकायला मिळाला. त्याने नियम लिहून मागितले, पट सुबक करून घेतला आणि स्वतःचा म्हणून विकायला काढला. पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३४ला नाही म्हटलं, १९३५ला विकत घेतला. मित्राच्या पटावर ‘मार्व्हन गार्डन्स’ या जागेचं स्पेलिंग चुकून ‘मार्व्हिन’ झालं होतं. डॅरोच्या पटावर तीच चूक जशीच्या तशी उतरली. कॉपी करणाऱ्या मुलांना मास्तर अशाच खुणेवरून पकडतात.

मंदीत होरपळलेल्या माणसाने तळघरात बसून खेळ शोधला आणि लक्षाधीश झाला, ही गोष्ट कंपनीने पुढची कितीतरी वर्षं सांगितली. लिझीचं पेटंट १९३५च्या नोव्हेंबरात पाचशे डॉलरला घेतलं, खपावर हिस्सा काही नाही. आधी ती खूश होती, आपला विचार आता घरोघर जाणार म्हणून. मग मोनोपॉलीच्या पेट्या पाहिल्या आणि तिने वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांत जाऊन आपल्या जुन्या पटासकट कैफियत मांडली. १९४०च्या जनगणनेत तिने व्यवसायापुढे ‘खेळ तयार करणारी’ असं लिहिलं आणि उत्पन्नापुढे शून्य. १९४८ला ती गेली.

हे सगळं उघड झालं तेही एका खटल्यातून. सॅन फ्रान्सिस्कोच्या राल्फ अ‍ॅन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा मक्तेदारीविरोधी खेळ काढला, कंपनीने नावावरून त्याला कोर्टात खेचलं आणि तो पुरावे शोधत थेट म्हाताऱ्या क्वेकर मंडळींपर्यंत पोहोचला. मधल्या काळात, १९७७ साली, त्याच्या खेळाच्या हजारो पेट्या मिनेसोटात कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. शेवटी वरच्या कोर्टात त्याच्या बाजूने निकाल लागला आणि १९८३ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

लिझीच्या या कथेवर हळहळून थांबणं सोपं आहे. बहुतेक लोक तसे थांबतात, शिवाय आपल्याकडचा दाखलाही तयार असतो. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला मोक्षपट साहेबांच्या देशात गेला आणि पापपुण्याची घरं गळून नुसती सापशिडी उरली. खरं आहे. पण मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी बराच काळ असं मानत होतो की आमच्या घरचे नियम म्हणजे लिझीचा दुसरा संचच होता. माफी, उधारी, कच्चा लिंबू, मधोमध साचलेली रास. तिच्या मनातली समता आजीने न वाचताच पटावर आणली होती, असं काहीतरी. ऐकायला छान आहे. नीट पाहिलं की टिकत नाही.

कारण आजीने भाडं माफ केलं तरी दिल्ली दादाचीच राही. पुढच्या फेरीत त्याच घरावर सोंगटी पडली की पुन्हा तेच भाडं, पुन्हा आजीकडे पाहणं. उधारीने हरणाऱ्याचा हात तेवढा वर राही, देणं वाढतच जाई. मधली रास ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळे, आणि ती घेऊन तो पुढच्याच घरात भाडं भरे. म्हणजे पैसा पटावर ओतला जात होता आणि पुन्हा मालकाकडेच वाहून जात होता. कुणी मरत नव्हतं आणि कुणी उठतही नव्हतं. डाव संपत नसे तो याच कारणाने. छापील नियमांनी लिलावासकट खेळलं तर दीड-दोन तासांत कुणीतरी जिंकतं. लिझीला दया नकोच होती. भाडं कुणाच्या खिशात जातं एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला आजीने कधी हात लावला नाही. दादाने तर नाहीच नाही.

आणि आम्ही हे सगळं खेळत होतो ती जागा तरी कोणती? चाळीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. मुंबईत १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुन्या घरांची भाडी साधारण १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. युद्धाने आणि फाळणीने शहर तुडुंब भरलं होतं, घरमालक अडवून भाडं मागत होते, तेव्हा तो कायदा हवाच होता. सरकारने आजीसारखंच म्हटलं, जाऊ दे यावेळी. फक्त ते ‘यावेळी’ पुढे पन्नास वर्षं चाललं. आजीच्या खोल्यांचं महिन्याचं खरं भाडं इतकं किरकोळ होतं की पटावर कानपूरला एकदा पाय पडला तर त्याहून जास्त मोजावं लागे. घरमालकाला त्या पैशात जिना दुरुस्त करणं परवडत नसे, म्हणून तो करत नसे. भाडेकरू खोली सोडत नसे, कारण सोडताना पागडी मिळे, आणि ती त्या जागेची खरी किंमत होती, फक्त पावतीवर न येणारी. मालकाचं भाडं गोठलं तरी जमिनीची किंमत थोडीच गोठणार होती? ती वाढतच होती आणि पागडीतून, पुढे बिल्डरांतून, वाट काढत होती. १९९९ला नवा कायदा झाला, जुनी पागडी त्यात राहिलीच. अर्धं गिरगाव टेकू लावून उभं राहिलं ते या न संपणाऱ्या डावात. मी हे भाडेकरूंच्या बाजूने जन्मलेला माणूस म्हणून लिहितोय. तो कायदा नसता तर आम्ही त्या शहरात नसतोच. तरीही पागडी आणि आमची उधारी मला एकाच जातीच्या गोष्टी वाटतात.

लिझीचा दुसरा संच आपल्या व्यापाराच्या पटावर खेळता येतो, हे अलीकडे लक्षात आलं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येक शहराच्या कार्डावर पहिल्या ओळीत नुसत्या जागेचं भाडं असतं आणि खाली एक घर, दोन घरं, हॉटेल असे चढते आकडे. जॉर्जने जो फरक केला होता, जमीन वेगळी आणि तिच्यावर केलेलं काम वेगळं, तो कार्डावर आधीच छापलेला आहे. फक्त पहिल्या ओळीचा आकडा खजिन्यात टाकायचा, त्याच्यावरचं जे काही ते घर बांधणाऱ्याचं. खजिना भरला की रेल्वे आणि वीज कंपनी विकत घेऊन सगळ्यांना फुकट करायच्या, मग ‘स्टार्ट’ची रक्कम वाढवत न्यायची.

भाच्यांना बसवून एकदा खेळून पाहिला. हिशेब वाढतो, खजिनदार चिडचिडा लागतो, आणि सुरुवातीला सगळे कंटाळतात कारण कुणाला लुटता येत नाही. मोठ्या भाच्याने सवयीने पहिल्याच फेरीत मुंबई घेतली होती. तिच्यावर बांधायला त्याच्याकडे पैसे उरले नव्हते, आणि मोकळ्या जागेचं भाडं सरळ खजिन्यात जात होतं. तीन-चार जण येऊन गेले तरी त्याला दमडी मिळाली नाही. त्याने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“म्हणजे मामा, नुसती घेऊन ठेवून काहीच फायदा नाही?”

“नाही.”

“मग ही मुंबई घे परत,” तो म्हणाला, “मला पाटणा दे. तिथे घरं स्वस्त आहेत, मी लगेच दोन बांधतो.”